स्पेलिंग बरोबर, तरी मेलमध्ये लाल रेष? स्पेलचेकची भाषा एकदाची कशी बदलायची, समजून घ्या

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. नोकरीच्या अर्जाची मुदत बाराला संपतेय. समजा, पुण्यातली एखादी मुलगी मेल लिहून पूर्ण करते आणि पाठवण्याआधी एकदा शेवटची नजर टाकते. बघते तर काय, अर्ध्या मेलखाली लाल रेषा! 'कलर'खाली रेष, 'सेंटर'खाली रेष, 'ऑर्गनाइज'खाली रेष. स्वतःच्या आडनावाखाली आणि गावाच्या नावाखाली तर आहेच आहे.

शाळेत 'कलर'मध्ये 'यू' शिकवला होता, तो आता चूक कसा? ती घाईघाईत 'यू' काढते, बाकीच्या रेषांकडे दुर्लक्ष करते आणि सेंड दाबते. या गडबडीत 'रिसीव्ह'मधला 'ई' आणि 'आय' उलटसुलट पडलाय, हे तिच्या लक्षातच येत नाही. त्या शब्दाखालीही लाल रेष होती. पण वीस रेषांमधली खरी कोणती आणि खोटी कोणती, हे कळणार कसं?

स्पेलचेकची भाषा चुकीची असली की नुकसान होतं ते असं. बरोबर शब्द चूक दाखवले जातात ही झाली अर्धी गोष्ट. खऱ्या चुकीकडे बघायची सवयच मोडते, हा त्याहून मोठा तोटा. आणि बहुतेक लोकांचा अनुभव असा की, सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदलली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं का होतं? आणि कायमचा उपाय काय? एकेक करून बघू.

लाल रेष येते कुठून?

स्पेलचेकला इंग्रजी 'येत' नाही. त्याच्याकडे शब्दांची एक यादी असते. तुम्ही लिहिलेला शब्द त्या यादीत सापडला तर ठीक, नाही सापडला तर खाली लाल रेष. आता व्याकरण आणि संदर्भ बघणारी साधनं आली आहेत, पण लाल रेषेचा पाया अजूनही ही यादीच आहे.

ही कल्पना जुनी आहे. १९६१ मध्ये अमेरिकी संगणकतज्ज्ञ लेस अर्नेस्ट यांनी हाताने लिहिलेला मजकूर संगणकाला वाचता यावा म्हणून एक प्रोग्रॅम तयार केला. त्यात नेहमीच्या वापरातल्या १० हजार इंग्रजी शब्दांची यादी होती. पुढे १९७१ मध्ये स्टॅनफर्डमध्ये राल्फ गोरिन यांनी 'स्पेल' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. चुकलेल्या शब्दाला पर्यायी शब्द सुचवायची सोय त्यात होती. आणि टाइप करता करता शब्दाखाली उमटणारी ती नागमोडी लाल रेष घराघरांत पोचवली ती मायक्रोसॉफ्टच्या 'वर्ड ९५'ने.

यादी छोटी किंवा चुकीची असली की काय गोंधळ होतो, याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. इंग्रजीत सहकार्याला 'को-ऑपरेशन' म्हणतात. काही जुन्या स्पेलचेकच्या यादीत हा शब्द फक्त मधली छोटी आडवी रेघ देऊन होता. रेघ न देता सलग लिहिला की स्पेलचेक त्याला चूक ठरवायचं आणि त्याच्या जागी सुचवायचं 'क्युपर्टिनो'! हे कॅलिफोर्नियातल्या एका गावाचं नाव आहे, ॲपलचं मुख्यालय असलेलं. लोकांनी न बघता बटण दाबलं आणि संयुक्त राष्ट्रं, युरोपियन युनियन, नाटो यांच्या कागदपत्रांमध्ये सहकार्याऐवजी 'क्युपर्टिनो' छापून आलं. या प्रकाराला आज 'क्युपर्टिनो इफेक्ट' असंच नाव आहे.

इंग्रजी एक, याद्या अनेक

आता 'कलर'कडे येऊ. संगणकाच्या दृष्टीने 'इंग्रजी' अशी एकच भाषा नाही. इंग्रजी (युनायटेड स्टेट्स), इंग्रजी (युनायटेड किंग्डम), इंग्रजी (इंडिया) अशा वेगवेगळ्या नोंदी असतात आणि प्रत्येकीची यादी वेगळी.

हा फरक पडला तो मुख्यतः नोआ वेबस्टर यांच्यामुळे. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिचं इंग्रजीही वेगळं आणि सोपं असावं, असा त्यांचा आग्रह होता. १८२८ मध्ये त्यांचा मोठा शब्दकोश आला. 'कलर'मधला 'यू' गेला, 'सेंटर'च्या शेवटी 'आर-ई'ऐवजी 'ई-आर' आलं. भारतात शिक्षण आलं ते ब्रिटिशांकडून, त्यामुळे आपल्या पाठ्यपुस्तकांत 'यू' टिकला.

पण सॉफ्टवेअर बनलं अमेरिकेत. लॅपटॉप सुरू करताना किंवा प्रोग्रॅम टाकताना कुणी भाषेकडे लक्ष दिलं नाही, तर बहुतेक ठिकाणी अमेरिकी इंग्रजीच आपोआप निवडलेली असते. म्हणून शाळेत बरोबर शिकलेलं स्पेलिंग मेलमध्ये लाल होतं.

बदललेली भाषा परत मूळपदावर का येते?

मेल लिहिताना स्पेलचेकची भाषा एकाच ठिकाणी ठरत नाही. ती चार ठिकाणी ठरू शकते.

पहिली जागा म्हणजे मेलचा प्रोग्रॅम. दुसरी ब्राउझर, म्हणजे जीमेल क्रोममध्ये उघडत असाल तर क्रोमची स्वतःची सेटिंग. तिसरी जागा कीबोर्डची किंवा संगणकाची भाषा. आणि चौथी, जी बहुतेकांना माहीत नसते, ती म्हणजे खुद्द मजकूर. आउटलुकसारख्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक वाक्याला 'हे अमुक भाषेतलं आहे' असं अदृश्य लेबल चिकटलेलं असतं. तो मजकूर कॉपी करून दुसरीकडे नेला तरी लेबल सोबत जातं.

आपण यातली एकच जागा बदलतो आणि उरलेल्या तीन जागा जुन्याच राहतात. म्हणून आपण कुठला प्रोग्रॅम वापरतो आणि त्यात भाषा कोण ठरवतं, हे आधी बघावं लागतं.

जीमेल वापरत असाल तर

ब्राउझरमधल्या जीमेलमध्ये दोन स्पेलचेक एकाच वेळी काम करत असतात. एक जीमेलचं, दुसरं ब्राउझरचं. लाल रेष नेमकी कुणाची, हे नुसतं बघून कळत नाही.

जीमेलचं स्वतःचं तपासायचं असेल तर वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या चक्रावर क्लिक करून 'सी ऑल सेटिंग्ज' उघडा. 'जनरल' टॅबमध्ये खाली आलात की ग्रामर, स्पेलिंग आणि ऑटोकरेक्ट असे तीन पर्याय चालू-बंद करता येतात. बदल केल्यावर पानाच्या तळाशी 'सेव्ह चेंजेस' दाबायला विसरू नका. अनेकांची सेटिंग 'टिकत नाही' त्याचं कारण फक्त एवढंच असतं.

क्रोममध्ये उजवीकडच्या तीन टिंबांवरून 'सेटिंग्ज'मध्ये जा आणि 'लँग्वेजेस' उघडा. तिथे आधी आपल्या पसंतीच्या भाषांमध्ये इंग्रजी (युनायटेड किंग्डम) किंवा हवी ती भाषा जोडावी लागते. मग खाली 'स्पेल चेक' विभागात त्या भाषेसमोरचं बटण चालू करायचं आणि अमेरिकी इंग्रजीसमोरचं बंद करायचं. दोन्ही बटणं चालू ठेवली तर दोन्ही स्पेलिंगं बरोबर धरली जातात. मॅकवर मात्र क्रोम संगणकाचंच स्पेलचेक वापरतं, त्यामुळे तिथे ही बटणं शोधत बसू नका. मॅकची सेटिंग पुढे दिली आहे.

फायरफॉक्समध्ये पद्धत आणखी सोपी आहे. मेल लिहायच्या चौकटीत राइट क्लिक केलं की 'लँग्वेजेस' दिसतं. हवी ती भाषा तिथे नसेल तर 'ॲड डिक्शनरीज'वरून शब्दकोश उतरवून घ्यायचा. फायरफॉक्स प्रत्येक वेबसाइटसाठी निवड वेगळी लक्षात ठेवतं. म्हणजे जीमेलवर ब्रिटिश इंग्रजी निवडली म्हणून दुसऱ्या साइटवर तीच लागू होईल असं नाही.

आउटलुक : इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात

ऑफिसांमध्ये सर्रास वापरलं जाणारं विंडोजवरचं जुनं, म्हणजे क्लासिक आउटलुक मेल लिहायला वर्डचंच इंजिन वापरतं. त्यामुळे वर्डची चौथी जागा, म्हणजे मजकुराला चिकटलेलं लेबल, इथे पूर्ण ताकदीने काम करते. इथे बदल तीन टप्प्यांत करायचा.

पहिला टप्पा. 'फाइल', मग 'ऑप्शन्स', मग 'लँग्वेज' उघडा. इथे दोन वेगळे विभाग दिसतात. एक मेन्यू आणि बटणं कुठल्या भाषेत दिसावीत याचा, दुसरा लिहिण्याच्या आणि तपासण्याच्या भाषेचा. आपल्याला दुसरा हवा. त्यात इंग्रजी (इंडिया) किंवा इंग्रजी (युनायटेड किंग्डम) जोडा, ती निवडा आणि 'सेट ॲज प्रिफर्ड' दाबा. भाषेसमोर तपासणीची साधनं बसवलेली नाहीत असं दिसत असेल तर तिथल्याच दुव्यावरून ती उतरवून घ्या. मग आउटलुक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा.

दुसरा टप्पा. नवा मेल उघडा, मजकुराच्या जागी क्लिक करा आणि 'रिव्ह्यू' टॅबमधल्या 'लँग्वेज'वरून 'सेट प्रूफिंग लँग्वेज' निवडा. हवी ती भाषा निवडून 'सेट ॲज डिफॉल्ट' दाबा. या खिडकीत खाली दोन छोट्या चौकटी असतात, त्या नीट बघा. 'डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर'समोर खूण असेल तर स्पेलचेक गप्प बसेल. मेलमध्ये एकही रेष दिसत नाही म्हणून खूश होणाऱ्या अनेकांच्या संगणकात ही खूण पडलेली असते. दुसरी चौकट 'डिटेक्ट लँग्वेज ऑटोमॅटिकली'ची. एका मेलमध्ये दोन-तीन भाषा लिहिणाऱ्यांना ती उपयोगी पडते, पण छोट्या वाक्यांवरून भाषा ओळखताना तिचा अंदाज चुकतो. भाषा आपोआप बदलते अशी तक्रार असेल तर ही खूण काढून बघा.

तिसरा टप्पा म्हणजे सही. मेलच्या शेवटी आपोआप येणारं नाव, पद, फोन नंबर हे सगळं कधीतरी जुन्या सेटिंगमध्ये तयार केलेलं असतं आणि त्याला अमेरिकी इंग्रजीचं लेबल चिकटलेलं असतं. सहीच्या अगदी लगत टाइप करायला सुरुवात केली की नवा मजकूरही तेच लेबल घेतो. उपाय असा : नव्या मेलमध्ये सही पुन्हा टाइप करा, ती निवडून तिची भाषा बदला आणि मग कॉपी करून सहीच्या खिडकीत पेस्ट करा.

उत्तर पाठवतानाही हेच होतं. समोरच्याचा मेल जर्मन किंवा अमेरिकी इंग्रजी लेबलचा असेल आणि तुम्ही त्याच्या ओळींच्या मधेमधे उत्तरं लिहीत असाल, तर तुमचे शब्दही त्याच भाषेत तपासले जातात. अशा वेळी 'कंट्रोल' आणि 'ए' दाबून सगळा मजकूर निवडा आणि भाषा एकदम बदला. शिवाय 'फाइल', 'ऑप्शन्स', 'मेल'मध्ये उत्तर देताना मूळ मजकूर तपासू नये असा पर्याय आहे. तो चालू ठेवला की दुसऱ्याच्या चुका आपल्याला दिसत नाहीत.

एवढं करूनही भाषा बदलत असेल तर खाली टास्कबारवर बघा. विंडोजमध्ये दोन कीबोर्ड बसवलेले असतील आणि अमेरिकी इंग्रजी कीबोर्ड चालू असेल तर ऑफिस त्यावरूनही भाषा ठरवतं. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की कीबोर्ड बदलतो. विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन नको असलेला कीबोर्ड काढून टाकला तर प्रश्न मुळातूनच मिटतो.

नव्या आउटलुकमध्ये आणि वेबवरच्या आउटलुकमध्ये हे काम 'मायक्रोसॉफ्ट एडिटर' करतं. मेल लिहिताना त्याच्या सेटिंग्ज उघडल्या की तपासणीची भाषा निवडता येते.

थंडरबर्ड : एका मेलची निवड आणि कायमची निवड वेगळी

थंडरबर्ड हा मोफत आणि मुक्त-स्रोत मेल प्रोग्रॅम. यात गोंधळ होतो तो वेगळ्या कारणाने. मेल लिहायच्या खिडकीत 'स्पेलिंग' बटणाशेजारचा बाण दाबून किंवा राइट क्लिक करून भाषा बदलता येते. पण ही निवड त्या एका मेलपुरती असते. दुसरा मेल उघडला की पुन्हा जुनी भाषा हजर. लोकांना वाटतं सेटिंग टिकत नाही. खरं तर सेटिंगला हातच लागलेला नसतो.

कायमची भाषा बदलायची तर तीन आडव्या रेघांच्या मेन्यूतून 'सेटिंग्ज'मध्ये जा, 'कॉम्पोझिशन' निवडा आणि 'स्पेलिंग' विभागापर्यंत खाली या. इथे बसवलेल्या शब्दकोशांची यादी दिसते. हव्या त्या भाषेवर खूण करा, नको असलेल्या भाषेवरची काढा. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये एकाहून जास्त भाषा एकत्र निवडता येतात, म्हणजे इंग्रजी आणि मराठी दोन्ही. यादीत हवी ती भाषा नसेल तर तिथेच 'डाउनलोड मोअर डिक्शनरीज'चा दुवा आहे.

थंडरबर्ड अपडेट झाल्यावर भाषा पुन्हा अमेरिकी झाली असेल तर 'ॲड-ऑन्स'मध्ये जाऊन शब्दकोश चालू आहे का ते तपासा. शब्दकोशच बंद पडला असेल तर प्रोग्रॅम उरलेल्या यादीवर काम भागवतो, आणि ती बहुतेक वेळा अमेरिकी इंग्रजीची असते.

मॅक आणि मोबाइल

मॅकवरचं ॲपलचं मेल ॲप स्वतः फारसं काही ठरवत नाही, संगणकाचं ऐकतं. 'सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये 'कीबोर्ड' उघडा आणि 'इनपुट सोर्सेस'समोरचं 'एडिट' दाबा. तिथे 'स्पेलिंग'समोर 'ऑटोमॅटिक बाय लँग्वेज' असतं. त्या जागी ब्रिटिश किंवा भारतीय इंग्रजी निवडली की मॅक अंदाज बांधणं थांबवतो.

मोबाइलवर मुख्य कारभार कीबोर्डकडे असतो. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'लँग्वेजेस' उघडून इंग्रजी (इंडिया) किंवा ब्रिटिश इंग्रजी जोडा आणि अमेरिकी काढा. रोमन लिपीत मराठी टाइप करणाऱ्यांसाठी तर हे फार महत्त्वाचं आहे. इंग्रजी कीबोर्डवर रोमन मराठी लिहिली की ऑटोकरेक्ट प्रत्येक शब्द इंग्रजी समजून 'दुरुस्त' करायला जातं आणि भलताच शब्द पुढे जातो. जीबोर्डमध्ये मराठीचा असा कीबोर्ड आहे ज्यात रोमन अक्षरं टाइप केली की शब्द देवनागरीत येतो. तो वापरला तर ही कटकट राहत नाही.

मराठीचं स्पेलचेक इतकं कच्चं का वाटतं?

थंडरबर्ड, फायरफॉक्स, लिबरऑफिस अशा अनेक प्रोग्रॅममध्ये 'हनस्पेल' नावाचं एकच इंजिन काम करतं. ते मूळचं हंगेरियन भाषेसाठी तयार झालं, 'हन' आलं ते तिथूनच. हंगेरियनमध्ये एका शब्दाला एकामागून एक प्रत्यय लागतात आणि त्याची शेकडो रूपं होतात. मराठीची अडचणही अशीच आहे.

इंग्रजीत 'हाउस'ची रूपं किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मराठीत 'घर' घ्या. घरी, घरात, घरातून, घरातल्या, घरासमोर, घरांमध्ये, घरापासूनच... यादी संपतच नाही. शिवाय मूळ शब्दही बदलतो. 'मूल' दीर्घ, पण 'मुलाला' ऱ्हस्व. 'पाऊस'चं 'पावसात' होतं. म्हणून हनस्पेलच्या शब्दकोशात दोन फायली असतात, एकीत मूळ शब्द आणि दुसरीत त्यांना प्रत्यय कसे लागतात याचे नियम. मराठीसाठी असे शब्दकोश तयार झालेले आहेत आणि मोफत मिळतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिससाठीही मराठी तपासणीची साधनं आहेत. पण नियमांमधून निसटलेलं प्रत्येक रूप बरोबर असूनही लाल दिसतं.

त्यात एक खास देवनागरी अडचण आहे. 'ॲप'मधला 'ॲ' संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे सलग एकच अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. दुसरा म्हणजे 'अ' आणि वर वेगळी चंद्रकोर. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. यादीत एक असेल आणि तुमच्या कीबोर्डने दुसरा टाइप केला तर रेष येणारच.

आणि काही चुका तर कुठलंही साधं स्पेलचेक पकडू शकत नाही. दर १ मेला सोशल मीडियावर 'महाराष्ट्र दीन' असे शुभेच्छांचे बॅनर फिरतात. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब, लाचार. दोन्ही शब्द यादीत आहेत, त्यामुळे दोन्ही 'बरोबर'. 'शिर' आणि 'शीर', 'सुत' आणि 'सूत' यांचंही तसंच. इंग्रजीतही 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म' पडला तर रेष येत नाही. रेष नाही म्हणजे चूक नाही, असं समजू नका.

नावाखालची रेष

भाषा नीट निवडली तरी आडनावांखालची रेष पूर्ण जाणार नाही. हा फक्त मराठी माणसांचा अनुभव नाही. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये 'आय ॲम नॉट अ टायपो' नावाची मोहीम सुरू झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या बाळांची नावं मायक्रोसॉफ्टच्या इंग्रजी शब्दकोशावर तपासली, तर ४१ टक्के नावं चूक ठरवली गेली, असं या मोहिमेने दाखवून दिलं. त्यांची मागणी साधी होती, शब्दकोशात सगळ्या समाजांची नावं घ्या.

तोवर आपल्या हातात आहे ते 'ॲड टू डिक्शनरी'. नावावर राइट क्लिक करून ते शब्दकोशात जोडलं की त्या संगणकावर ते पुन्हा लाल होत नाही. आपलं, वरिष्ठांचं, कंपनीचं, गावाचं नाव एकदा जोडून ठेवा. पण जोडताना स्पेलिंग दोनदा बघा. चुकीचं स्पेलिंग जोडलं तर ते कायमचं 'बरोबर' ठरतं आणि मग चूक कधीच दिसत नाही. असं झालं असेल तर क्रोममध्ये 'कस्टमाइझ स्पेल चेक'मधून, आउटलुकमध्ये 'कस्टम डिक्शनरीज'मधून आणि जीबोर्डमध्ये 'पर्सनल डिक्शनरी'मधून तो शब्द काढता येतो.

तुमचा मजकूर जातो कुठे?

स्पेलचेक निवडताना आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. क्रोममध्ये 'बेसिक' आणि 'एन्हान्स्ड' असे दोन पर्याय असतात. 'बेसिक'मध्ये तपासणी तुमच्या संगणकावरच्या यादीवरून होते. 'एन्हान्स्ड'मध्ये तुम्ही टाइप केलेला मजकूर गूगलच्या सर्व्हरवर जातो. सूचना जास्त चांगल्या येतात, पण मजकूर संगणकाबाहेर जातो.

२०२२ मध्ये ऑट्टो-जेएस या सुरक्षा कंपनीने एक गोष्ट समोर आणली. क्रोमचं एन्हान्स्ड स्पेलचेक किंवा मायक्रोसॉफ्ट एडिटरचं ब्राउझर एक्स्टेन्शन चालू असेल, तर फॉर्ममध्ये भरलेली माहिती या कंपन्यांकडे जाऊ शकत होती. 'शो पासवर्ड' दाबलं तर काही साइटवर पासवर्डसुद्धा. बँकेची, रुग्णांची किंवा कोर्टाची कागदपत्रं हाताळणाऱ्यांनी म्हणूनच 'बेसिक' ठेवलेलं बरं.

दोन मिनिटांची चाचणी

सगळं बदलून झालं की नवा मेल उघडा आणि इंग्रजीत तीन शब्द टाइप करा. 'यू' असलेला 'कलर', 'यू' नसलेला 'कलर' आणि कीबोर्डवर बोटं फिरवून तयार झालेला कुठलाही निरर्थक शब्द.

निरर्थक शब्दाखालीही रेष नसेल तर स्पेलचेक बंद आहे. 'यू' असलेल्या 'कलर'खाली रेष आली तर अजून अमेरिकी यादी चालू आहे. 'यू' नसलेल्या 'कलर'खाली आली तर ब्रिटिश किंवा भारतीय यादी लागली. दोन्हींखाली नसेल तर बहुधा दोन्ही याद्या एकत्र चालू आहेत. मग प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा आणि हेच शब्द परत टाइप करा. निकाल तोच आला तर सेटिंग टिकली. त्यानंतर एखाद्या जुन्या मेलला उत्तर लिहून बघा, सहीसकट.

आणि कंपनी अमेरिकी असेल, तिथल्या लोकांशीच रोजचं बोलणं असेल, तर अमेरिकी इंग्रजी ठेवण्यातही काही चूक नाही. फक्त एका मेलमध्ये एकच पद्धत पाळा. अर्ज वाचणाऱ्याला 'कलर'मध्ये 'यू' आहे की नाही याने फारसा फरक पडत नाही. एका ओळीत 'यू' आणि पुढच्या ओळीत नाही, हे मात्र लगेच डोळ्यांत भरतं.